मोरचूद भारी की एप्सम सॉल्ट?
ऐरोलीत आमच्या बाल्कनीत कुंड्यांसाठी दोन्ही डबे आहेत. दोन्ही सल्फेट नावाचे क्षारच (मोरचूद तांब्याचं, एप्सम मॅग्नेशियमचं), पाण्यात विरघळणारी, म्हणून निसर्गात मुख्यतः कोरड्या नाहीतर आडोशाच्या जागी टिकतात. मोरचूद चिलीच्या अटाकामा वाळवंटात, चुकिकामाताच्या तांब्याच्या खाणीत सापडतं, आपल्या जुलैत उघड्यावर ठेवा, काय उरतंय बघा! एप्सम गुहा-खाणींच्या भिंतींवर पांढऱ्या केसांसारखं उगवतं, नाव इंग्लंडमधल्या एप्सम गावावरून. दिसायला मात्र मोरचूदच, निळंशार, तव्यावर तापवलं की त्यातलं पाणी उडून पांढरंफटक आणि थेंब टाकला की परत निळं (तो तवा परत स्वयंपाकाला नको हं, विषारी असतं). एप्सम बिचारं साधं, कोरड्या हवेत नुसतं भुरभुरतं. शोपीसला निळा खडा घेताना विचारा, बरेचसे घरी-लॅबमध्ये वाढवलेले असतात.