लोकसाउंडच्या नावाखाली साधी चिप: जुने डीसीसी इंजिन घेताना सावध राहा

डीसीसीवर, म्हणजे रुळांतून डिजिटल आदेश पाठवण्याच्या पद्धतीवर, चालणारे जुने मॉडेल रेल्वे इंजिन ऑनलाइन घेणार असाल, तर पैसे पाठवण्याआधी विक्रेत्याला व्हिडिओ कॉलवर सीव्ही ८ (इंजिनातल्या डिकोडर चिपमधली आठव्या क्रमांकाची नोंद) वाचून दाखवायला सांगा. टाळाटाळ करू लागला तर व्यवहार तिथेच थांबवा. माझे पैसे गेले आहेत आणि तो माणूस अजून विकतोच आहे, म्हणून लिहितोय.

मी घेतले ते एचओ स्केलचे (१:८७ प्रमाणाचे) जर्मन बीआर २१८ डिझेल इंजिन. जाहिरातीत 'ईएसयूचा लोकसाउंड ५ बसवलेला' असे लिहिले होते. लोकसाउंड म्हणजे ईएसयू या जर्मन कंपनीचा, इंजिन चालवणारा आणि आवाजही काढणारा डिकोडर. तो जर्मनीहून मागवायचा तर त्याचीच किंमत शंभर युरोंच्या वर, शिवाय टपाल आणि कस्टम ड्युटी. त्यामुळे इथेच कोणी बसवून देत असेल तर हौशी माणसाला बरेच वाटते. विक्रेत्याने व्हिडिओ पाठवला: इंजिन धडधडत सुरू होते, हॉर्न वाजतो, वळणावरून जाते. पैसे यूपीआयने आगाऊ घेतले.

इंजिन आले. पत्ता (ज्या क्रमांकावर इंजिनाला आदेश जातात तो) ३, म्हणजे कारखान्यातून येतो तोच. धावले, दिवे लागले, पण आवाज नाही. आवाजाची फंक्शन बटणे एफ१ दाबा, एफ२ दाबा, शांतता.

विक्रेत्याची उत्तरे इथे सविस्तर देतो, कारण प्रत्येकात थोडे खरे आहे आणि नवख्या माणसाला ते पटते. पहिले उत्तर, 'सीव्ही बिघडले असतील, सीव्ही ८ मध्ये ८ लिहून रीसेट करा.' बहुतेक डिकोडर असे रीसेट होतात हे खरेच. केले, फरक पडला नाही. मग मी प्रोग्रॅमिंग ट्रॅकवर (डिकोडर वाचण्या-लिहिण्यासाठीच्या वेगळ्या रुळावर) सीव्ही ८ वाचला. त्यात उत्पादकाचा क्रमांक असतो, ईएसयूचा १५१. माझ्या पडद्यावर आला १३. एनएमआरए या अमेरिकी मॉडेल रेल्वे संघटनेच्या यादीत तो घरी बनवलेल्या डिकोडरसाठी आहे.

यावर तो म्हणाला, 'साउंड डिकोडर प्रोग्रॅमिंग ट्रॅकवर नीट वाचले जात नाहीत, आकडा चुकीचा येतो.' काही साउंड डिकोडर कमी ताकदीच्या प्रोग्रॅमिंग ट्रॅकवर वाचले जात नाहीत, हेही खरे. पण तेव्हा सहसा काहीच वाचले जात नाही, एरर येते. माझ्याकडे प्रत्येक वेळी १३ च येत होता. शेवटी तो चिडून म्हणाला, 'चिप तुम्हीच जाळली.' जळलेल्या चिपवर इंजिन धावले असते का?

बॉडी उघडली. स्पीकर चिकटवलेला, पण त्याच्या तारा कशालाच जोडलेल्या नव्हत्या. डिकोडरवर ईएसयूचे स्टिकर होते, ते नखाने निघाले.

मग तो व्हिडिओ हेडफोन लावून पुन्हा ऐकला. इंजिन कॅमेऱ्यापासून लांब गेले तरी आवाज जवळचाच राहतो. डिझेल सुरू होण्याचा आवाज संपायच्या आत चाके फिरू लागतात; लोकसाउंडमध्ये इंजिन सहसा आवाज पूर्ण होईपर्यंत जागेवरच थांबते. माझा अंदाज असा की चौकटीबाहेर दुसरे साउंड इंजिन त्याच पत्त्यावर उभे होते. एकाच पत्त्यावरची दोन्ही इंजिने एकच आदेश पाळतात, त्यामुळे बटण दाबले की इकडचे धावते आणि तिकडचे वाजते.

म्हणून व्हिडिओ कॉलवर बॉडी काढून घ्यायला सांगा, स्पीकरच्या तारा दाखवायला सांगा, आणि तुम्ही सांगाल ते फंक्शन तुम्ही सांगाल त्या क्षणी वाजवायला लावा. सीव्ही ८ वर १५१ दिसला तरी हे सोडू नका, कारण नकली चिपमध्ये तो आकडाही भरता येतो.

पैसे गेलेच तर वाट न पाहता १९३० वर फोन करा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. यूपीआयचा व्यवहार क्रमांक, चॅट आणि मूळ व्हिडिओ जपून ठेवा. मी तक्रार केली आहे, पैसे अजून आलेले नाहीत. त्याच व्हिडिओची जाहिरात आता वेगळ्या नावाने फिरते आहे: हिरवट चादर, मागे लाकडी खिडकी, आणि इंजिन डावीकडून उजवीकडे.