पीएसए तपासायला सुवर्णकणांचं द्रावण की पट्टी?
प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी पीएसए (प्रोस्टेट ग्रंथीत तयार होणारं, रक्तात सापडणारं प्रथिन) सोन्याच्या सूक्ष्म कणांच्या रंगावरून ओळखायचं, पण द्रावणात की पट्टीवर, हा पेच नव्यानं काम करणाऱ्यांना पडतोच.

द्रावण स्वस्त. १३ नॅनोमीटरचे कण सुटे असताना लाल, एकमेकांना चिकटले की जांभळट-निळे. घात होतो सीरममध्ये, म्हणजे रक्त गोठल्यावर वेगळ्या होणाऱ्या द्रवात: त्यातलं मीठ पीएसए नसतानाही कण चिकटवतं, उलट अल्ब्युमिन हे त्यातलं प्रथिन कणांवर थर चढवून खरा बदलही दडपतं. सीरम पातळ करावं, तर पीएसएही विरळ होतं.

पट्टीवर अँटिबॉडी (पीएसएला पकडणारी प्रथिनं) बसवायला खर्च, मेहनत जास्त. निकाल मात्र साधारण १५ मिनिटांत. पट्टी नीट चालली हे दाखवणारी नियंत्रण रेघ उमटली नाही तर पट्टी बाद. ४ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर या पीएसएच्या नेहमीच्या सीमारेषेच्या आसपासची फिकट रेघ नुसत्या डोळ्यांनी वाचू नये.

बफरमध्ये (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या साध्या द्रावणात) कल्पना पडताळायला द्रावण. रुग्णाच्या सीरमची चाळणी करायला पट्टी. नेमका आकडा हवा असेल, तर दोन्ही सोडून एलायझा, म्हणजे अँटिबॉडी वापरून प्रयोगशाळेत होणारी मोजणी. आणि निदान बायोप्सीवरच.