इंटरलोकन आर्ट्स अकॅडमी, मिशिगन: अ‍ॅडमिशन खरंच किती कठीण? एका आईचा रिव्ह्यू

रेटिंग ५ पैकी ४. एक स्टार कापलाय तो फक्त फीसाठी, शिकवण्याबद्दल काही तक्रार नाही.

लेक तिकडे व्हायोला (व्हायोलिनसारखंच, जरा मोठं वाद्य) शिकायला गेल्यापासून गणपतीत, हळदीकुंकवाला, कुणाच्या पोराच्या ग्रॅज्युएशन पार्टीत, जो भेटेल तो एकच विचारतो, "अगं तिथला अ‍ॅक्सेप्टन्स रेट किती?" म्हणजे अर्ज केलेल्यांपैकी किती टक्के मुलांना घेतात. प्रत्येकाला वेगवेगळं सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते.

ज्यांना अजिबात माहिती नाही त्यांच्यासाठी: ही कला शिकवणारी बोर्डिंग शाळा ट्रॅव्हर्स सिटीजवळ आहे, दोन तळ्यांच्या मधे, पाइनच्या जंगलात, डेट्रॉइटकडून वर गाडी हाणायची तर चारेक तास धरा. जोसेफ मॅडी नावाच्या म्युझिक टीचरने १९२८ मधे इथे हायस्कूलच्या मुलांसाठी उन्हाळी ऑर्केस्ट्रा कॅम्प काढला, वर्षभराची बोर्डिंग शाळा त्यानंतर खूप उशिरा, १९६२ मधे आली. नववी ते बारावी मिळून साधारण साडेपाचशे मुलं, आणि बारावीनंतर एक जास्तीचं वर्ष करणारीसुद्धा काही असतात. म्युझिक, थिएटर, डान्स, व्हिज्युअल आर्ट्स, फिल्म, क्रिएटिव्ह रायटिंग असे मेजर, म्हणजे मुख्य विषय. ज्युएल आणि सुफ्यान स्टीव्हन्स हे गायक अकॅडमीतले. रविशंकरांची मुलगी, गायिका नोरा जोन्स उन्हाळी कॅम्पला होती आणि गूगलवाला लॅरी पेजसुद्धा, हे सांगितलं की आपल्याकडचे बाबा लोक एकदम सरसावून बसतात 😀

आता रेटचं. बोर्डिंग स्कूलच्या वेबसाइटींवर प्रत्येक शाळेपुढे एक टक्केवारी दिसते, लोक तीच बघतात आणि एकतर घाबरतात नाहीतर उगाच खुश होतात. अहो पण तो आकडा अख्ख्या शाळेचा! तुमचं पोरगं अख्ख्या शाळेशी स्पर्धा करतच नाही, ते त्याच्या मेजरमधल्या, त्याच्याच वाद्याच्या मुलांशी करतं. ऑर्केस्ट्राला व्हायोलिनं भरपूर लागतात पण बासरीवाले तीन-चारच पुरतात, आणि बासरी वाजवणारी पोरं मात्र देशभर ढिगाने, पियानोचं तर विचारूच नका कारण ऑर्केस्ट्रात पियानोला बसायला जागाच किती असते. उलट 'बसून' (bassoon नावाचं फुंकून वाजवायचं वाद्य), ओबो, डबल बेस, व्हायोला ही मंडळी सगळ्यांनाच कमी पडतात. त्यात पुन्हा यंदा बारावीतून कोण बाहेर पडतंय हे वेगळंच. दोन बसूनवाले एकदम पास आउट झाले तर त्या वर्षीच्या बसूनवाल्याचं नशीब उघडलं, तोच मुलगा तितकंच छान वाजवून पुढच्या वर्षी आला असता तर कदाचित जागाच नसती. म्हणून "सिलेक्टिव्ह आहे का" असं कुणी विचारलं की मी उलट विचारते, कशासाठी? डान्समधे मुलगे कमी, थिएटरमधे मुली मायंदाळ, आणि म्युझिकल थिएटरला तर गाता येणारी, नाचता येणारी, शाळेच्या नाटकात लीड केलेली पोरं प्रत्येक गावातून येतात.

दुसरं म्हणजे इथे अर्ज करायलाच रेकॉर्डिंग करायला लागतं, पोर्टफोलिओ जमवायला लागतो, शिफारशी, निबंध, शाळेचे मार्क सगळं द्यायला लागतं, त्यामुळे 'बघू टाकून' म्हणणारे तिथेच गळतात. उरतात ते सगळे तयारीचेच. म्हणजे टक्केवारी पन्नास दिसली तरी 'दोनातल्या एकाला मिळतंच की' असा हिशोब करू नका.

मार्कांबद्दल आपल्या लोकांचा मोठा गैरसमज आहे. सगळे ए आणि मॅथ ऑलिंपियाड म्हणजे निम्मं काम झालं असं वाटतं ना? नाही होत. अभ्यास तिथे चांगलाच असतो त्यामुळे मार्क अगदी पडलेले चालत नाहीत, पण ऑडिशन कच्ची असेल तर ते मार्क काही वाचवत नाहीत. चित्रकलेचंही तेच, अ‍ॅनिमे बघून हुबेहूब काढलेली वीस चित्रं पाठवण्यापेक्षा समोरची खुर्ची, आजीचे हात, घरातला पसारा असं स्वतः बघून काढलेलं पाठवा. आणि कथक-भरतनाट्यमवाल्या आयांनो, तुमच्यासाठी वेगळं सांगते कारण सगळ्यात जास्त फोन तुमचेच येतात: डान्स मेजर म्हणजे बॅले आणि मॉडर्न. अरंगेत्रम कितीही देखणं झालेलं असू दे, बॅलेची बैठक नसेल तर त्या व्हिडिओवर डान्समधे घेतील ही आशा ठेवू नका. मला हे खटकतं, स्टेजवर 'कला ही जगाची भाषा' अशा अर्थाची पाटी लावलेली शाळा आहे, पण हे असं आहे.

बाकीच्या शाळांचं थोडक्यात. बोस्टनजवळ नेटिकला वॉलनट हिल, १८९३ ची, सुरुवातीला मुलींना कॉलेजसाठी तयार करणारी शाळा होती, आर्ट्सकडे नंतर वळली. कॅलिफोर्नियात डोंगरावर आयडलवाइल्ड, ती अकॅडमी १९८६ ची. दोन्ही इंटरलोकनपेक्षा बऱ्याच लहान, म्हणजे प्रत्येक मेजरला जागा अजून मोजक्या. पण माझ्या मते चुरस बघायची तर सरकारी शाळा बघा. नॉर्थ कॅरोलायनात विन्स्टन-सेलमला स्कूल ऑफ द आर्ट्स आहे, १९६३ साली त्याचं बिल आलं तेव्हा विरोधकांनी 'पाय थिरकवायचं बिल' म्हणून टर उडवली होती, तरी पास झालं आणि १९६५ ला शाळा सुरू झाली. आज त्या राज्यात राहणाऱ्या हायस्कूलच्या मुलांना तिथे शिकवणं, राहणं, जेवण फुकट. साउथ कॅरोलायनात ग्रीनव्हिलला गव्हर्नर्स स्कूल आहे, तिथेही राज्यातल्या मुलांना ट्यूशन नाही. फुकट म्हटल्यावर परवडत नाही म्हणून मागे सरणारं कुणी नसतं, सगळी गुणी पोरं रांगेत येतात. नॉर्थ कॅरोलायनात शार्लट-रॅलीकडे राहणाऱ्या आपल्या लोकांनी विन्स्टन-सेलमची शाळा न बघता थेट मिशिगनचा विचार केला की मला खरंच कळत नाही.

कारण आता फी. इंटरलोकनला बोर्डिंगचे वर्षाला सत्तर हजार डॉलरच्या वर जातात. शाळा एड (फीसाठी आर्थिक मदत) देते, बऱ्याच मुलांना देते, पण अ‍ॅडमिशन मिळणं एक आणि परवडेल एवढी एड मिळणं दुसरं, आणि आपल्यासारख्या दोन पगारांच्या आयटीवाल्या घरांना गरजेवरची एड बेताचीच मिळते. कुठल्याही रेटमधे हे दिसत नाही. अ‍ॅडमिशनचं पत्र हातात असून न जाणारी मुलं असतात, त्यांचीही गणती 'घेतलेल्यांत'च होते. म्हणून एडचा फॉर्म अर्जाबरोबरच भरा, नंतर बघू म्हणू नका, उशिरा येणाऱ्याला जागा मिळू शकते पण पैसे तोवर वाटून झालेले असतात.

कन्सल्टंट लावू का असं पण विचारतात. ओळखीच्या एका घराने लावला होता, नाव घेत नाही, बक्कळ पैसे घेतले आणि वेबसाइटवरचीच टक्केवारी रंगीत तक्त्यात घालून दिली. त्यापेक्षा ते पैसे चांगल्या मास्तरांच्या शिकवणीला आणि एका बऱ्या पियानो साथीदारासोबतच्या रेकॉर्डिंगला घाला, ऐकणाऱ्याला पहिल्या मिनिटात कळतं.

आणि शक्य असेल तर आधी उन्हाळी कॅम्पला पाठवा. कॅम्पला अकॅडमीपेक्षा कितीतरी जास्त मुलं घेतात, खर्च तिथेही आहेच पण काही आठवड्यांचा. पोराला घराबाहेर राहणं, रोज तासन् तास तेच वाद्य, आपल्यापेक्षा सरस मुलं शेजारी बसलेली, हे झेपतं का ते तिथे समजतं, शिक्षकही त्याला ऐकतात. आमची आधी कॅम्पलाच गेली होती आणि परत आल्यावर अर्ज भरायचा हट्ट तिचा होता, आमचा नाही. हट्ट आई-बाबांचा असेल तर थांबा. शाळा बघायला मात्र जुलैत चेरीच्या दिवसांत जाऊ नका, तेव्हा काय सगळंच छान दिसतं, फेब्रुवारीत जा, कमरेएवढा बर्फ असतो तेव्हा, पोराला सोबत न्या, आणि बूट चांगले घाला.