ट्रेलरला ब्रेक बसवून आठ महिने झाले: हब-ड्रमचा अनुभव

पालखी दिवे घाट चढून गेली, रस्ता मोकळा झाला आणि पुढच्याच मंगळवारी मी सासवडहून लाल माती नि कुंड्या भरून खाली येत होतो. ब्रेक दाबला की ट्रेलर उजवीकडे ओढत होता. घाटाच्या पायथ्याला वडकीत थांबून बघितलं. उजव्या ड्रमला हात लाववत नव्हता, डावा गारच, आणि त्या चाकाच्या रिमवर आतून ग्रीसचे ओघळ.

हे हब-ड्रम, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो हब आणि ब्रेकचा ड्रम एकत्र, फेब्रुवारीत घातले होते. टनभर माल मागे आणि ट्रेलरला ब्रेक नाही, घाटात सगळा भार जीपवर. म्हणून 10 इंची इलेक्ट्रिक ब्रेक घ्यायचे ठरवले. एक्सलला ब्रेक बसवायची चार भोकांची फ्लँज (चकती) भोसरीत वेल्ड करून घेतली. नाना पेठेत एका दुकानदाराने जीपचाच ड्रम बसवा म्हणून सुचवलं, पैसे निम्म्याने वाचले असते. पण इलेक्ट्रिक ब्रेकचा मॅग्नेट ड्रमच्या आतल्या सपाट तोंडावर घासतो, त्यातूनच लायनर, म्हणजे ड्रमला आतून घासणारे ब्रेकचे पट्टे, उघडतात. साध्या ड्रमला ते मशीन केलेलं तोंड नसतं. तिथे काटकसर केली नाही याचं आजही समाधान आहे.

जुन्या हबमधल्या बेअरिंगचे नंबर पाहिले: आत एल 68149, बाहेर एल 44649. नवा हब-ड्रम याच नंबरांचा मागवला. पाच बोल्ट, पीसीडी (बोल्टांच्या वर्तुळाचा व्यास) 139.7 मिलीमीटर, म्हणजे जीपची स्टेफनी ट्रेलरलाही चालेल. बेअरिंग अलगद बसली, चाक मोकळं फिरलं. पहिले चार महिने मी भेटेल त्याला हेच हब घ्या म्हणून सांगत होतो.

घाटातल्या त्या दिवसानंतर हबवाल्याला फोनवर बरंच बोललो. ते मी मागे घेतो, पण अर्धंच. हब उघडल्यावर कळलं की दोष सीलचा, म्हणजे हबमधलं ग्रीस आत अडवणाऱ्या रबरी कड्याचा. सोबत आलेलं सील 1.719 इंचाच्या बैठकीसाठी, म्हणजे 43.66 मिलीमीटर. माझ्या स्पिंडलवरची (एक्सलचं टोक, ज्यावर हब फिरतो) सीलची जागा व्हर्नियरने मोजली तर 40! हब चढवताना सील आत दडलेलं असतं, त्यामुळे ही फट दिसतच नाही. जीप-ट्रेलर उभा असेपर्यंत सगळं ठीक. घाटात ड्रम तापला की ग्रीस पातळ होऊन थेट लायनरवर.

बेअरिंग जुळलं म्हणजे हब जुळला, हा माझा समज चुकीचा होता. पण विक्रेत्याच्या पानावर बेअरिंगचे नंबर आहेत, बोल्ट आहेत, सीलचं माप मात्र कुठेच नाही. सगळ्यात स्वस्त वस्तू, आणि तिच्यापायी डाव्या बाजूचा लायनरचा अख्खा जोड टाकावा लागला. पेट्रोलने धुऊन बघितला, दोन फेऱ्यांत पुन्हा घसरायला लागला. ग्रीस प्यायलेला लायनर परत कामाचा होत नाही.

40 च्या मापाचं सील शोधावं असा विचार होता, पण बाहेरचा व्यास हबच्या भोकाला जुळेना. शेवटी भोसरीच्या त्याच लेथवाल्या काकांनी दोन्ही बाजूंना पोलादी रिंग तापवून चढवल्या आणि घासून 43.66 ला आणल्या. दोन्हींचे मिळून सातशे रुपये. उजव्या बाजूला अजून गळती नव्हती, तरी फट तीच होती म्हणून तीही करून घेतली. काकांचं एकच म्हणणं: “आधी एक्सल घेऊन यायचा, मग हब मागवायचा.”

आणखी एक. नव्या हबचं तोंड जुन्यापेक्षा थोडं बाहेर आलं, टायर मडगार्डला लागायला आलं होतं. मडगार्ड सरकवून भागलं.

त्यानंतर पावसाळाभर फेऱ्या झाल्या. परवा भरल्या ट्रेलरने घाट उतरून वडकीला दोन्ही ड्रमजवळ हात धरून पाहिला. दोन्ही सारखेच तापले होते, रिम कोरडी.