रास्पबेरी पाय झीरो टू डब्ल्यू : तपासणी खोलीत बसवलेल्या छोट्या लिनक्स संगणकाचे परीक्षण

कोल्हापुरातील शिवाजी उद्यमनगरातल्या एका मशिन शॉपला त्यांच्या ग्राहकाने तपासणी खोलीच्या तापमानाची अखंड नोंद मागितली. लांबी आणि व्यास मोजताना २० अंश सेल्सिअस हे प्रमाण तापमान धरले जाते, आणि एप्रिल-मेच्या उन्हात पत्र्याच्या छपराखाली ते टिकवणे सोपे नसल्यामुळे ही मागणी रास्तच होती. त्या कामासाठी मी रास्पबेरी पाय झीरो टू डब्ल्यू हा बोर्ड निवडला. हे परीक्षण मुख्यतः त्याच्या वायफाय जोडणीबद्दल आहे, कारण या बोर्डाचे यशापयश तिथेच ठरते.

६५ बाय ३० मिलिमीटरच्या या बोर्डावर चार कोअरचा एक गिगाहर्ट्झ प्रोसेसर, ५१२ एमबी मेमरी, वायफाय आणि ब्लूटूथ आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये तो आला तेव्हा त्याची जाहीर किंमत १५ डॉलर होती. सेन्सरचे आकडे दर मिनिटाला वाचून साठवणे आणि ऑफिसातल्या संगणकावर आलेख दाखवणे एवढे काम तो विनासायास करतो. त्याबाबत तक्रारीला जागा नाही. मात्र त्याला इथरनेटचे पोर्ट, म्हणजे नेटवर्कची केबल लावायची जागा, नाही. मॉनिटर आणि कीबोर्ड न लावता तो वापरायचा असेल, तर आत शिरायला वायफाय हाच मुख्य दरवाजा उरतो. तो उघडला नाही की हिरवा दिवा लुकलुकत राहतो, राउटरच्या यादीत नाव येत नाही, आणि दोष विजेचा, पासवर्डचा की राउटरचा हे बाहेरून काहीच कळत नाही.

म्हणून निम्मे काम प्रणाली साठवलेले मेमरी कार्ड बोर्डात घालण्याआधीच उरकावे लागते. रास्पबेरी पाय इमेजर या अधिकृत साधनात कार्ड तयार करतानाच नेटवर्कचे नाव, पासवर्ड, देश, वापरकर्त्याचे नाव आणि एसएसएच (दुसऱ्या संगणकावरून बोर्डात शिरण्याची सोय) हे सारे भरता येते. यांपैकी देशाकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. कोणते चॅनेल वापरायला परवानगी आहे हे देशागणिक बदलते, त्यामुळे देश ठरलेला नसेल तर प्रणाली आरएफकिल या रेडिओ बंद-चालू करणाऱ्या लिनक्सच्या सोयीच्या साहाय्याने वायफाय बंदच ठेवते. देश म्हणून अमेरिका निवडलेली असेल तर १२ आणि १३ हे चॅनेल तिला वापरता येत नाहीत. भारतात ते खुले आहेत, आणि राउटर आपोआप १३ वर गेला की हातातल्या मोबाईलला दिसणारे नेटवर्क बोर्डाला मात्र दिसत नाही.

जुन्या मार्गदर्शिकांबद्दलही सावध राहिले पाहिजे. कार्डाच्या बूट विभागात डब्ल्यूपीए सप्लिकंट या वायफाय जोडणाऱ्या प्रोग्रॅमची फाइल ठेवली की वायफाय सुरू होते, ही पद्धत अनेक वर्षे चालली. परंतु ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या रास्पबेरी पायच्या प्रणालीच्या बुकवर्म आवृत्तीपासून जोडणीचा कारभार नेटवर्क मॅनेजर या दुसऱ्या प्रोग्रॅमकडे गेला आणि ती फाइल आता वाचलीच जात नाही. चूक दाखवणारा संदेशही येत नाही, हे नवशिक्यांवर अन्याय करणारे आहे. नेटवर्क मॅनेजरची जोडणीची फाइल हाताने लिहायची झाल्यास ती रूट या सर्वाधिकारी वापरकर्त्याच्या मालकीची आणि इतरांना वाचता न येणारी असावी लागते, नाहीतर तीही नाकारली जाते.

मॉनिटर लावायची वेळ आलीच, तर एक बारकावा ध्यानात ठेवावा. या प्रणालीचा मूळ कीबोर्ड ब्रिटिश मांडणीचा असतो आणि आपल्याकडे मिळणारे कीबोर्ड अमेरिकी मांडणीचे असतात. त्यामुळे शिफ्ट आणि २ दाबल्यावर ॲट ऐवजी दुहेरी अवतरण चिन्ह उमटते, तर शिफ्ट आणि ३ दाबल्यावर हॅशऐवजी पौंडाचे चिन्ह येते. पासवर्डमध्ये ॲट घालण्याची सवय सर्रास आहे, आणि टाइप करताना तो झाकलेला असल्यामुळे ही अदलाबदल डोळ्यांना दिसत नाही. एनएमटीयूआय या नेटवर्क मॅनेजरच्या साध्या पडद्यावर पासवर्ड दाखवण्याची सोय आहे. ती चालू करून खात्री करावी.

आत शिरता आले की मात्र हा बोर्ड नेमकी माहिती देतो, आणि लिनक्सची ही बाजू मला मनापासून आवडते. एनएमसीएलआय या नेटवर्क मॅनेजरच्या आदेशाला उपकरणांची स्थिती विचारली असता वायफायपुढे ‘अनुपलब्ध’ अशा अर्थाचा शब्द आला, तर बहुधा आरएफकिल किंवा फर्मवेअर (वायफाय चिपमधले सॉफ्टवेअर) पाहावे. ‘जोडलेले नाही’ असे आले, तर रेडिओ ठीक असून नाव, पासवर्ड किंवा राउटर तपासावा. पत्ता मिळूनही ऑफिसातून बोर्ड सापडत नसेल, तर तो गेस्ट नेटवर्कवर गेला आहे का ते बघावे, कारण अशा नेटवर्कवरील उपकरणे सहसा इतरांपासून वेगळी ठेवलेली असतात.

राउटरच्या बाजूने दोनच गोष्टी महत्त्वाच्या आहेत. झीरो टू डब्ल्यू फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतो, त्यामुळे तो पट्टा चालू असलाच पाहिजे, आणि सुरक्षेसाठी डब्ल्यूपीए२ ही वायफायची सुरक्षा पद्धत ठेवणे हा भरवशाचा मार्ग आहे. उद्यमनगरातल्या त्या शॉपमध्ये केवळ डब्ल्यूपीए३ ही नवी पद्धत निवडलेली होती. ते बदलताच बोर्ड जोडला गेला.

त्यानंतर अडथळा आला तो पेटीचा. बोर्ड धुळीपासून वाचावा म्हणून तो पत्र्याच्या पेटीत बसवला होता. दार उघडे असताना सिग्नल उणे ५८ डीबीएम दिसत होता (शून्यापासून जितका दूर तितका कमजोर), दार लावले की उणे ८१ वर घसरत होता आणि जोडणी तुटत होती. अँटेना बोर्डावरच असून बाहेरची अँटेना लावायची सोय नाही, त्यामुळे पेटी प्लॅस्टिकची घेणे एवढाच उपाय उरला. चार्जरही जुन्या मोबाईलचा न वापरता ५ व्होल्ट, २.५ अँपिअरचा घ्यावा. व्होल्टेज पडल्याची नोंद बोर्ड स्वतः ठेवतो आणि एका आदेशाने ती वाचता येते. जोडणी अधूनमधून सुस्तावत असेल तर वायफायची वीजबचत बंद करून पाहावी.

एका खोलीची नोंद ठेवायची असेल आणि राउटरच्या सेटिंग्ज आपल्या हातात असतील, तर हा बोर्ड मी निःसंकोच सुचवेन. सोबत मायक्रो यूएसबीचा ओटीजी ॲडॅप्टर (बोर्डाला यूएसबी उपकरण लावू देणारा) आणि यूएसबी-इथरनेट ॲडॅप्टर घेऊन ठेवावा, म्हणजे वायफाय अडले तरी केबलने आत शिरता येते. पिना सोल्डर केलेल्या नसतात, सेन्सर जोडण्यापूर्वी तेवढे काम करावे लागते. जिथे राउटर दुसऱ्याच्या ताब्यात आहे आणि खोलीपर्यंत केबल नेता येते, तिथे इथरनेट पोर्ट असलेला रास्पबेरी पाय ३ बी प्लस किंवा ४ घ्यावा, जास्त पैसे गेले तरी चालतील.