पिशवीतले हिरवे शिपाई, घरचे नियम आणि परग्रहावरची लढाई

टेबलावर सायफाय लढाई मांडायची तर पैसा दोन ठिकाणी जातो: मिनिएचरवर, म्हणजे शिपायांच्या छोट्या पुतळ्यांवर, आणि नियमपुस्तकावर. दोन्ही वाचवायचा जुना मार्ग म्हणजे खेळण्यातल्या हिरव्या शिपायांची पिशवी आणि एका पानात बसतील असे घरचे नियम. या जोडीतले नियम नीट बसवले तर विकतच्या नियमांच्या तोडीस तोड निघतात. शिपायांचं मात्र चार आण्याची कोंबडी नि बारा आण्याचा मसाला असं होतं. हा मसाला वेळेचा असतो, एवढाच फरक.

पिशवीतले शिपाई ५० ते ५४ मिलिमीटर उंचीचे, म्हणजे साधारण १:३२ प्रमाणाचे असतात. पाकिटावर शंभर नग लिहिलेलं असलं तरी मुद्रा डझनभरच. गुडघ्यावर बसून नेम धरणारा, पालथा पडलेला, हातबॉम्ब फेकणारा, दुर्बीणवाला, बिनतारीवाला, खांद्यावर बझूका घेतलेला, सुरुंग शोधणारा. पालथा पडलेला पटावर दुप्पट जागा खातो आणि बेसवर, म्हणजे पायाखालच्या चकतीवर, मावत नाही. त्याला बाजूला काढा. सुरुंग शोधणाऱ्याला सगळे हसतात, पण सायफायसाठी पिशवीतला सगळ्यात उपयोगी गडी तोच. त्याच्या दांड्याच्या टोकाची थाळी कापली की हातात किरणास्त्र तयार.

खरी अडचण प्लास्टिकची आहे. रंगवायला घेण्याआधी एक शिपाई पाण्याच्या वाटीत टाका. पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब असू द्या, नाहीतर अंगाला चिकटलेले बुडबुडे फसवतात. तरंगला तर पॉलिइथिलीन. बुडाला आणि वाकवल्यावर वाकला तर बहुधा मऊ पीव्हीसी. बुडाला आणि वाकवताना तुटू पाहतो तर पॉलिस्टायरिन, म्हणजे नशीब चांगलं. तिघांचं औषध वेगवेगळं आहे, आणि वाया गेलेल्या रंगकामाचं मूळ बहुतेक वेळा ही ओळख चुकण्यात असतं. पॉलिस्टायरिनवर द्रव प्लास्टिक सिमेंट चालतं, कारण ते दोन्ही कडा विरघळवून एकजीव करतं. पॉलिइथिलीनवर तेच सिमेंट पाण्यासारखं ओघळून जातं. मऊ पीव्हीसीवर डब्यातल्या रंगाचा फवारा मारला तर थर कधीकधी दिवसेंदिवस चिकट राहतो; प्लास्टिक मऊ ठेवणारी द्रव्यं रंगात उतरतात म्हणून. तिथे ब्रशने लावायचा ॲक्रिलिक प्रायमरच (रंगाआधीचा पायाचा थर) बरा. पीव्हीसीचा एक फायदा मात्र आहे. वाकडी बंदूक उकळत्याला आलेल्या पाण्यात अर्धा-एक मिनिट धरा, सरळ करा आणि लगेच गार पाण्यात बुडवा, ती सरळच राहते. पॉलिइथिलीन हळूहळू पुन्हा वाकडं होतं.

पिशवीतले शिपाई बहुतेक वेळा तरंगणारेच निघतात, म्हणून त्यांची कृती सविस्तर. कोमट साबणाच्या पाण्यात जुन्या टूथब्रशने घासा, कारण साच्यातून सुटण्यासाठी लावलेला तेलकट थर अंगावर असतो. धुवून पूर्ण वाळवा. साच्याची शिवण कानशीने किंवा पॉलिश पेपरने काढायला जाऊ नका. हे प्लास्टिक झिजत नाही, त्याला लव फुटते आणि रंगवल्यावर शिपाई केसाळ दिसतो. नवं पातं घेऊन शिवण खरवडण्याऐवजी कापा. मग प्लास्टिकसाठीच्या प्रायमरचे दोन पातळ हात. तो नसेल तर लाकडाचा पांढरा पीव्हीए गोंद दोन भाग आणि पाणी एक भाग असं मिश्रण ब्रशने लावा. ते वाळून लवचीक सालीसारखं अंगाभोवती बसतं. वर ॲक्रिलिक रंग पातळ थरांत आणि शेवटी ॲक्रिलिक वॉर्निशचे दोन हात. इतकं करूनही बंदुकीच्या नळीवरचा रंग आधी सुटणार. नळी वाकते, रंग वाकत नाही. खेळताना शिपाई बंदुकीला धरून न उचलता बेसला धरून उचलायचा, ही सवय वॉर्निशपेक्षा जास्त टिकाव देते.

परग्रहावरचे करायचे तर डोकी आणि शस्त्रं बदलावी लागतात, आणि तिथे पुन्हा चिकटण्याचा प्रश्न. सुपरग्लू या प्लास्टिकवर वाळतो, पण धरत नाही. नखाने ढकललं की सांधा सुटतो. जोड गोंदावर सोडू नका. हाताने फिरवायच्या बारीक ड्रिलने दोन्ही बाजूंना एक मिलिमीटरचं भोक पाडा, कागदाच्या क्लिपेतला तारेचा तुकडा आत बसवा, मग सुपरग्लू. बंदुकीची नळी कापून तिथे बॉलपेनच्या रिकाम्या रिफिलीचा तुकडा बसवला तर प्लाझ्मा बंदूक होते, पण रिफिलही बहुधा त्याच जातीच्या प्लास्टिकची असते, म्हणून तिलाही तार हवी. शिरस्त्राणाला अर्धा मणी, पाठीवरच्या टाकीला लांबट मणी. दोन भागांची एपॉक्सी पुट्टी समप्रमाणात मळून सांधे झाका. मळल्यावर तासभर ती हाताळता येते, पण हात सतत ओले ठेवा, नाहीतर शिरस्त्राणावर तुमचे ठसे उमटतील. बाटल्यांची झाकणं आणि डिओडरंटची टोपणं इमारतींसाठी सुरेख दिसतात; तीही बहुतेक पॉलिप्रोपिलीन किंवा पॉलिइथिलीनची, तेव्हा रंगाचा त्रास तोच. थर्माकोलचे डोंगर केलेत तर त्यावर डब्यातला फवारा थेट मारू नका, त्यातला द्रावक थर्माकोल खाऊन टाकतो. आधी पांढऱ्या गोंदाचा जाड थर द्या.

बेससाठी लोखंडी वॉशर वापरावेत. बाहेरचा व्यास एम८ ला (म्हणजे ८ मिलिमीटरच्या बोल्टाच्या वॉशरला) १६, एम१० ला २०, एम१२ ला २४ आणि एम१६ ला ३० मिलिमीटर असतो. हिरव्या शिपायाच्या पायाखालचा मूळ चपटा तुकडा न कापता एम१६ वर पुट्टीत बुडवला की वजन खाली येतं आणि गडी पडत नाही. डब्याच्या तळाला चुंबकाचा पत्रा लावला तर ने-आण करतानाही तो जागचा हलत नाही.

एवढा खटाटोप करून हाती येतात ते ५४ मिलिमीटरचे शिपाई, आणि हा आकारच घरातल्या टेबलावर आडवा येतो. १२० सेंटिमीटरचं टेबल १:३२ प्रमाणात जेमतेम ३८ मीटरचं मैदान होतं. साध्या रायफलीचा पल्लासुद्धा त्याच्या कितीतरी पुढे जातो, मग अंतराळातल्या बंदुकीची काय कथा. तेच टेबल १:७२ मध्ये ८६ मीटर, १:१०० मध्ये १२० मीटर आणि १:३०० मध्ये ३६० मीटर होतं. १:७२ चे शिपाई २४ मिलिमीटरच्या आसपास असतात आणि एका खोक्यात पलटणभर मिळतात, पण तेही मऊ प्लास्टिकचेच. शिवाय त्यांत सायफाय पोशाख कमी, आधुनिक पायदळ जास्त. खेळण्यातल्या १:६४ च्या गाड्या त्यांच्याशेजारी किंचित मोठ्या दिसतात. सायफायमध्ये ते खपून जातं.

कष्टाच्या हिशेबाने १५ मिलिमीटरच्या धातूच्या मिनिएचर सरस ठरतात. नगाला पिशवीपेक्षा महाग, पण सुपरग्लू घट्ट धरतो, प्रायमर बसतो, सायफाय पोशाख मूळचाच असतो आणि तीसेक शिपायांत पूर्ण खेळ उभा राहतो. चार-चार एका ४० मिलिमीटरच्या चौकोनी बेसवर लावले तर हलवायलाही सोपे. कठीण प्लास्टिकचे २८ मिलिमीटरचे सुटे भाग जोडायला मजेदार आहेत, उरलेली डोकी आणि हात पुढे वर्षानुवर्षं कामी येतात. रेझिन प्रिंटर (द्रव रेझिनपासून वस्तू छापणारं यंत्र) घरात असेल तरच त्याचा विचार करा: नायट्राइल हातमोजे, आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुणं, अतिनील दिव्याखाली पक्कं करणं आणि खेळती हवा यातलं काहीही टाळता येत नाही. नियम अजून ठरायचे असतील तर जाड कागदावर छापून त्रिकोणी घडी घातलेले कागदी शिपाई पुरे. साधारण २०० जीएसएमचा कागद घ्या. घडीच्या रेषेवर आधी बोथट टोकाने ओरखडा काढला नाही तर छपाई तडकते.

आता नियम. घरच्या नियमांत पहिली चूक पल्ल्याची होते. विकतच्या खेळांतला २४ इंचांचा पल्ला उचलून तो ५४ मिलिमीटरच्या शिपायांना लावला जातो आणि तीस पावलांवरचा शत्रू माऱ्याबाहेर राहतो. मोठ्या शिपायांसाठी रायफलीला पल्लाच ठेवू नका. दिसेल त्याच्यावर गोळी झाडता येते, एवढंच लिहा. मर्यादा घाला ती हातबॉम्ब, ज्वालास्त्र आणि पिस्तुलाला. मग पटाचा निदान चौथा हिस्सा आडोशांनी भरावा लागतो, आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मोकळी दिसणारी सरळ रेषा शक्यतो राहू द्यायची नाही. लहान मिनिएचरना उलटा उपाय: इंच वाचायचा आणि सेंटिमीटर मोजायचा. ७२ बाय ४८ इंचांचा पट ७२ बाय ४८ सेंटिमीटरमध्ये येतो, म्हणजे चहाच्या टेबलावर मावतो.

फाशांच्या दोन पद्धती घरगुती नियमांत टिकतात. पहिली सहा बाजूंच्या फाशाची: नेम लागायला ४+ (म्हणजे चार किंवा जास्त), चिलखताने वाचायला ४+. पाच जणांच्या तुकडीच्या पाच गोळ्यांत सरासरी अडीच नेम लागतात आणि सव्वा शिपाई पडतो. चारेक फेऱ्यांत तुकडी संपते, तासा-दीड तासाच्या डावाला हे जमतं. चिलखत ३+ केलं की माऱ्याची धार एक तृतीयांशाने कमी होते, २+ केलं की ४+ च्या मानाने तिसऱ्या हिश्श्यावर येते. म्हणून २+ फक्त रणगाड्यांना.

दुसरी पद्धत दर्जाप्रमाणे फासा बदलण्याची. ग्राउंड झिरो गेम्सच्या १९९६ सालच्या स्टारग्रंट २ या सायफाय नियमपुस्तकात नवशिक्यांना लहान आणि मुरलेल्यांना मोठा फासा मिळतो, चार बाजूंपासून बारा बाजूंपर्यंत. मारणाऱ्याचा फासा झेलणाऱ्याच्या फाशापेक्षा जास्त पडायला हवा असा साधा घरगुती नियम धरू. सहा बाजूंच्या फाशाविरुद्ध सहाचाच असताना मारणारा ४२ टक्के वेळा जिंकतो. आठविरुद्ध सहा असेल तर ५६, दहाविरुद्ध सहा असेल तर ६५ आणि बाराविरुद्ध सहा असेल तर ७१ टक्के. प्रत्येक पायरीची वाढ आधीपेक्षा कमी होत जाते हे लक्षात न घेता प्रत्येक पायरीला सारखेच गुण (सैन्य निवडताना शिपायाची किंमत) आकारले तर बारावाले महागात पडतात आणि कुणी घेत नाही. आडोसा मिळाला की झेलणाऱ्याचा फासा एक पायरी वर, एवढाच बदल पुरतो: सहाविरुद्ध आठ झालं की ४२ चे ३१ टक्के होतात. अधिक-उणेचा तक्ता लागत नाही, म्हणून नवख्यांसोबत हीच पद्धत जास्त बरी चालते.

सगळ्यात जास्त घोळ गुणांच्या हिशेबात होतो. साधा शिपाई १० गुणांचा: नेम ४+, चिलखत ४+. कसलेला शिपाई: नेम २+, चिलखत ३+. त्याचा मारा १.६७ पट, टिकाव दीडपट. गुणाकार अडीच, म्हणून २५ गुण, असा हिशेब बहुतेक जण मांडतात. खेळून पाहा: दहा कसलेल्यांसमोर पंचवीस साधे. एका फेरीत दोन्हीकडे सरासरी चारहून किंचित जास्त पडतात, म्हणजे कसलेल्यांचे ४२ टक्के गेले आणि साध्यांचे १७. कारण ब्रिटिश अभियंता फ्रेडरिक लँचेस्टरने पहिल्या महायुद्धाच्या काळात मांडलेला वर्गाचा नियम: समोरासमोरच्या माऱ्यात संख्येचं बळ वर्गाने वाढतं. म्हणून मारा आणि टिकाव यांच्या गुणाकाराचं वर्गमूळ घ्यायचं. २.५ चं वर्गमूळ १.५८, म्हणजे कसलेला १६ गुणांचा. दहाविरुद्ध सोळा मांडा: कसलेले पडतात २७ टक्के, साधे २६. बरोबरी. शिवाय कसलेले संख्येने कमी, त्यामुळे आडोशामागे जास्त सहज मावतात, म्हणून १७ लावले तरी कुणी तक्रार करू नये.

आळीपाळीने एकेक तुकडी हलवायची ही पद्धत चांगली, पण दहा तुकड्यांविरुद्ध सहा असतील तर शेवटच्या चार चाली एकाच खेळगड्याच्या होतात, आणि तो त्या मुद्दाम राखून ठेवतो. कमी तुकड्यावाल्याला फरकाइतक्या, म्हणजे चार, ‘पास’च्या सोंगट्या द्या. किंवा प्रत्येक तुकडीमागे एक रंगीत सोंगटी पिशवीत टाकून न पाहता काढा. दुसऱ्या उपायात थरार जास्त, डावपेच कमी.

धीर सुटण्याचे नियम बहुधा लांबलचक लिहिले जातात आणि खेळताना विसरले जातात. लागलेल्या प्रत्येक नेमाला, चिलखताने वाचवला तरी, तुकडीजवळ दडपणाची एक सोंगटी ठेवा. सोंगट्या उरलेल्या शिपायांच्या निम्म्या झाल्या की एका चालीत दोनाऐवजी एकच कृती (हलणं किंवा मारा); शिपायांइतक्या झाल्या की मागच्या आडोशापर्यंत माघार. एक कृती खर्च करून दोन सोंगट्या काढता येतात. दोन ठेवा, तीन नको. तीन केल्या की पाचच्या तुकडीवर एका तुकडीच्या माऱ्याचं दडपण टिकतच नाही आणि बगलेवरून जाण्याला अर्थ उरत नाही. पहिले काही डाव दोन्हीकडे अगदी सारखं सैन्य ठेवून खेळा, मधे बाजू बदला, आणि दोन डावांच्या मधे एकच आकडा बदला.