रानबोराचं बोरकूट : पाकीट झकास, रान कुठंय?

मागच्या संक्रांतीच्या आठवड्यात धुळ्यातल्या एका मसाले-पापडाच्या दुकानात बिबडे घ्यायला गेले होते. गल्ल्याशेजारी हिरवी पाकिटं टांगलेली. वर काटेरी फांदीचं चित्र आणि खाली 'सातपुड्याच्या रानबोरांचं अस्सल बोरकूट'. शंभर ग्रॅमला 80 रुपये. दोन उचलली. दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण बिबडे तिथलेच चांगले मिळतात आणि मला परत जायचंय.

आधी चांगलं सांगते. पाकीट खरोखर छान आहे. जाड, आतून चंदेरी, तोंडाला दाबून बंद होणारी पट्टी. आमच्या घरचं बोरकूट पावसाळ्यात गुळामुळे दगड होतं, मग बरणीत सुरी खुपसून कोरून काढावं लागतं. या दोन पाकिटांतलं एक फडताळात मागे राहून गेलं होतं, ते आषाढात सापडलं. उघडलं तर भुकटी तितकीच मोकळी, वास जसाच्या तसा. दळण बारीक, एकसारखं, दाताखाली काही येत नाही. लहान मुलांना तर हे फार आवडेल. माझ्या भाच्याने अर्धं पाकीट तळहातावर घेऊन चाटून संपवलं.

आता चवीचं. पहिली चिमूट जिभेवर ठेवली की चटकन आंबट लागतं, लगेच गोड, मग मिरची, आणि संपलं. घसा आवळत नाही. रानबोर खाल्लेल्या माणसाला मी काय म्हणते ते कळेल. त्या बोराची आंबट चव आधी टाळूला चिकटते, मग एक तुरट खरखर मागे रेंगाळते, पाणी प्यायलं तरी जात नाही. पाकिटातल्या कुटात ती खरखरच नाही. मागची बारीक अक्षरं चष्मा लावून वाचली: बोर, साखर, मीठ, मिरची, जिरे, सायट्रिक ॲसिड. बोर आंबट असेल तर सायट्रिक ॲसिड कशाला?

गावी गेले तेव्हा मोठ्या मायला चिमूटभर दिलं. तिने बोटावर चोळलं, चाखलं आणि म्हणाली, "हाई काय शे व माय? बोरकूट शे का सरबतनी पुडी?" मी पाकिटावरचं रानबोर वाचून दाखवलं. "रानमजारलं बोर इतलं गोड ऱ्हास का कधी?" एवढं बोलून ती शेंगा फोडायला लागली.

तिच्या बोलण्यावर मी विसंबते, कारण आमच्याकडे कूट तिच्याच हातचं. शिंदखेडा तालुक्यात, बुराईच्या काठाकडे आमचं शेत आहे. बांधावर सहा-सात बोरी होत्या, आता चार उरल्यात. बाकीच्या बांध सरळ करताना जेसीबीखाली गेल्या. पौषात सकाळी दव वाळलं की आम्ही निघतो. खाली जुनी साडी अंथरायची, बांबूच्या आकडीने फांदी ओढून हलवायची. वेचायला हात घातला की काट्याची खोड कळते. बोरीला काटे जोडीने असतात, एक सरळ आणि एक मागे वळलेला. सरळ काटा टोचतो, वळलेला बाही धरून ठेवतो. हात मागे ओढला की पान उलटं होतं आणि खालची पांढरट लव दिसते. माझ्या दोन स्वेटरांचे धागे अजून त्या बोरींवर असतील.

घरी आणून बोरं बादलीभर पाण्यात टाकायची. वर तरंगतील ती बाजूला, बहुतेकांत अळी असते. बोराच्या माशीने फळात अंडी घातलेली असतात आणि वरून फक्त बारीक डाग दिसतो. बुडालेली पुसून खाटेवर पसरायची, वर पातळ लुगडं. आठ-दहा दिवसांत साल सुरकुतते आणि मूठभर हलवली की आठळ्या खुळखुळतात. मग खलबत्त्यात हलक्या हाताने ठेचायची. जोर लावला की आठळी फुटते आणि कुटात कचकच येते, म्हणून हे काम मोठी माय मला देत नाही. चाळायचं, उरलेलं परत ठेचायचं. मग मीठ, भाजलेलं जिरं, लाल तिखट, किसलेला गूळ. रंग विटकरी-तपकिरी येतो आणि त्यात सालीचे काळपट कण दिसतात. पाकिटातलं कूट सरसकट फिकट नारिंगी आहे. शेजारी शेजारी बशीत ठेवून बघा, सांगायला नको.

या वर्षी मी पहिल्यांदाच सगळं वजन करून पाहिलं. ओली बोरं पाच किलो. आठळ्या आणि साली काढून, गूळ घालायच्या आधी कूट निघालं पाऊण किलोही नाही. रानबोराला गर तो केवढासा, आतली आठळीच मोठी. दोन बाया दोन दिवस वेचायला, शिवाय ठेचणं वेगळं. हे 80 रुपयांना शंभर ग्रॅम विकून कोणाच्या हाती काय लागेल? म्हणजे किमतीतच उत्तर आहे. बागेतल्या कलमी बोरांना, उमराण वगैरे जातींना, गर भरपूर आणि आंबटपणा कमी. त्यांचंच हे कूट असावं, आणि आंबटपणाची उणीव ॲसिडने भरलेली. ही माझी जीभ सांगते, प्रयोगशाळा नाही.

कलमी बोरांशी माझं वैर नाही हो. जळगावच्या मेहरूणचं बोर तर आपल्या खानदेशाचंच भूषण, त्या नावाची जातच आहे. पण मेहरूणचं बोर ताजं, कच्चं-पिवळं, कडकन तोडून खायचं. त्याला वाळवून ठेचणं म्हणजे भरताचं वांगं किसून थालीपिठात घालण्यासारखं. आणि ज्याचं आहे त्याचं नाव पाकिटावर लिहावं. 'बोरकूट' एवढंच लिहिलं असतं तर मी पाचपैकी चार दिले असते. 'सातपुडा', 'रान', 'अस्सल' हे तीन शब्द वाचून अडीच.

दुकानदाराला मागच्या महिन्यात विचारलं. भला माणूस, चिडला नाही. "ताई, माल वरून येतो, छापील येतो. रान लिहिलेलं पटकन जातं." पैसे परत देऊ का म्हणाला. मी बिबड्यांचं अजून एक पाकीट घेतलं.

घ्यायचं असेल तर कशासाठी घ्यावं? बोरन्हाणाला मुलं जमतात तेव्हा वाटायला सोयीचं. लिंबूसरबतात अर्धा चमचा घातलं तर छान लागतं, तिथे ॲसिडचं काही वाटत नाही. प्रवासात चालेल. कळण्याच्या भाकरीवर तेल आणि बोरकूट लावून खाण्यासाठी मात्र नको. तिथे ती खरखर हवीच, नाहीतर गोडसर चिकट लेप होतो. संक्रांतीआधी बोरं खाल्ली की खोकला होतो असं आमच्याकडे म्हणतात. या कुटाने तो कोणाला झाला नाही, हेही त्याच्या बाजूने नोंदवते.

खरं रानबोराचं हवं असेल तर पौषात तालुक्याच्या आठवडी बाजारात जमिनीवर पोतं टाकून बसलेल्या बायांकडे बघा. बोरं मापाने देतात. त्यांत लहान, गोल, मधूनच एखादं किडकं दिसलं की समजायचं, बांधावरची आहेत. कूट तुम्हालाच करावं लागेल.

गेल्या रविवारी मोठ्या मायने विचारलं, ती हिरवी पाकिटं टाकली का? नाही, धुऊन ठेवलीत. तिने दोन्ही मागून घेतली, यंदाचं कूट भरलं, पट्टी बोटाने दाबून बंद केली आणि एक माझ्या पिशवीत टाकलं. वरचं 'सातपुड्याच्या रानबोरांचं अस्सल' तसंच होतं. फक्त 'सातपुड्याच्या'वर मी घरी येऊन पेनाने रेघ मारली.